आईचे कॉमा

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या दाखल्यावर चांगलं तीन अक्षरी नाव आहे, पण ते पाहुण्यांच्या कपबशीसारखं हजेरीपुरतं बाहेर निघतं आणि पुन्हा कपाटात जातं. एरवी सगळं जग तिला भोंगाच म्हणतं, कारण ती कुजबुजली तरी जिन्यात ऐकू येतं. आता शब्द 'तो भोंगा' आणि पोरगी 'ती', त्यामुळे 'भोंगा आली, भोंगा गेली' ऐकून नवा माणूस गोंधळतो. घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. व्याकरण हा त्या घराचा पोटापाण्याचा धंदा होता, त्यामुळे घरात त्याला कुणी फारसं भीत नव्हतं.

तिचे बाबा प्रूफं तपासायचे. छापखान्यातून मूळ मजकूर आणि त्यावरून टाइप करून काढलेली पानं असे दोन गठ्ठे घरी यायचे. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर मेणकापड, समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत आई मूळ मजकूर घेऊन बसायची आणि मोठ्याने वाचायची. समोर बाबा. हातात लाल पेन, डोळे प्रूफावर, कान आईकडे. मूळ मजकुराकडे बाबांनी ढुंकूनही बघायचं नाही, हा नियम.

"डोळा लबाड असतो," बाबा म्हणायचे. "जे असायला हवं, ते नसलं तरी त्याला दिसतं. कान बिचारा सरळ."

म्हणून आईने नुसते शब्द वाचून भागायचं नाही, खुणासुद्धा वाचायच्या. कॉमा, पूर्णविरामाला स्टॉप, कॅपिटल अक्षराला कॅप, नव्या परिच्छेदाला पॅरा. "कॅप द बॉय वॉज लेट कॉमा सो ही रॅन स्टॉप." अठरा वर्षं त्या घरात हे असं चाललं होतं. भोंगा लहानपणी खाली अंगणात उभी राहून मैत्रिणीला "तू येतेस का क्वेश्चन" अशी हाक मारायची, आणि समोरच्या काकू धाडकन खिडकी लावून घ्यायच्या.

आईला इंग्रजी येत होतं का, म्हणाल तर तसं नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चार दिवस राहिलेल्या माणसासारखं तिचं होतं. कुठला डबा कुठे आहे ते पाठ, पण डब्यात काय आहे ते विचारू नका. "मला कशाला हवाय अर्थ?" ती म्हणायची. "अर्थ बघायला हे बसलेत ना समोर. मी हमाल. इकडचे शब्द उचलायचे, तिकडे टाकायचे."

चार महिन्यांपूर्वी आई गेली. तिच्या हृदयाची एक झडप पहिल्यापासूनच अधू होती म्हणे. आठ दिवस ती हॉस्पिटलात होती, नवव्या दिवशी नव्हती.

त्यानंतर त्या घरात कुणी रडलं नाही. खोटं कशाला सांगू, भोंग्याने प्रयत्न केला. न्हाणीघरात नळ सोडून, आरशात बघून, तोंड वेडंवाकडं करून पाहिलं. काही येईना. दाताच्या डॉक्टरने हिरडीत इंजेक्शन टोचावं, आणि मग दात काढायचं विसरून जेवायला निघून जावं, तसं तिचं झालं होतं. सगळा गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही. शाळेत ती पूर्वीसारखीच बडबडायची, वर्गाला हसवायची. फक्त हसवून झालं की आपण नेमकं काय बोललो ते तिला आठवायचं नाही.

बाबांची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'बरं'. आत्या फोनवर म्हणाली, दादा, चार दिवस इकडे या. बरं. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासून घ्या. बरं. गेले कुठेच नाहीत. भोंग्याने एकदा मुद्दाम सांगितलं, "बाबा, गॅसवर दूध उतू गेलंय, भिंतीला आग लागलीये आणि मी पळून जाऊन लग्न करतेय."

"बरं," बाबा म्हणाले.

कामही ते एकटेच करू लागले. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे प्रूफ, मान पंख्यासारखी इकडून तिकडे. आणि व्हायचं तेच झालं. शिवणकामाच्या एका पुस्तकात 'बाही नीट कापून घ्यावी' ऐवजी 'बाई नीट कापून घ्यावी' असं छापून आलं. दोन हजार प्रती.

छापखान्याच्या मालकीणबाई साठीच्या होत्या. केस आखूड, आवाज लांब. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. सोबत भोंगाही गेली होती.

"मास्तर, लोक फोन करून विचारतायत, कुठली बाई कापायची?" मालकीणबाई म्हणाल्या. "मी सांगितलं, आधी मला कापा, मी हे छापलं." मग त्या हसायच्या थांबल्या. "अठरा वर्षांत तुमच्या हातून एक चूक गेली नाही, म्हणून हे आणखी एक काम देतेय. शाळेच्या इंग्रजी व्याकरणाची नवी आवृत्ती आहे. सहा फर्मे, म्हणजे शहाण्णव पानं. हे चुकलं तर पोरं चुकीचं शिकतील, आणि मी दुसरा माणूस बघेन. तोंडावर सांगते, पाठीमागे नाही."

"बरं," बाबा म्हणाले.

जिना उतरताना भोंगा म्हणाली, "बाबा, मी वाचते. आईसारखं."

या वेळी तर बाबा 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून आली तेव्हा तिच्यासाठी समोरची खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढून ठेवली होती. लाल पेनाचं टोपण काढलेलं होतं.

अकरा दिवस तिने वाचलं. कसं वाचलं म्हणून सांगू! पोरगी मुळात भोंगा, त्यात हल्ली वक्तृत्वात पहिली येऊन आत्मविश्वास नाकापर्यंत आलेला. प्रत्येक कॉमा तिने असा ठणकावून म्हटला की खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याने वर येऊन विचारलं, "मास्तर, पोरगी कुणाला मारतेय का?" बाबा मान खाली घालून पेन फिरवत राहिले. तिला वाटलं, चला, आपण दोघं काहीतरी करतोय. त्याहून जास्त काही वाटलं नाही, पण तेवढं वाटलं हेही काही कमी नव्हतं.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, गठ्ठा सुतळीने बांधून टेबलावर तयार होता. संध्याकाळी सहाच्या आत छापखान्यात पोचवायचा होता. भोंगा दीड वाजता शाळेतून आली. योगायोग म्हणा, पण त्याच दिवशी इंग्रजीच्या बाईंनी गृहपाठ दिला होता तो नेमका त्या पुस्तकातल्या चौथ्या फर्म्यातल्या धड्यावर. आणि भोंग्याकडच्या जुन्या पुस्तकातून, जे तिला शेजारच्या ताईकडून आणि शेजारच्या ताईला आणखी कुणाकडून मिळालं होतं, तो धडा कधीचाच गळून गेला होता.

"बाबा, गठ्ठ्यातली चार पानं काढून बघू का? परत ठेवते."

बाबा पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होते. एक घातला होता, दुसरा हातात. "बरं," ते म्हणाले.

तिने सुतळी सोडली. धडा होता 'हू' आणि 'विच'ने सुरू होणाऱ्या पोटवाक्यांचा. हीच पानं तिने परवा घसा फोडून वाचली होती, पण तेव्हा हमालासारखी वाचली होती. आता पहिल्यांदाच आत काय आहे ते बघत होती.

बाईंनी वर्गात ते छान सांगितलं होतं. समजा, तुम्ही म्हणालात, माझे काका, जे घड्याळं दुरुस्त करतात, ते बहिरे आहेत. इंग्रजीत 'हू'पासून 'क्लॉक्स'पर्यंतचा तुकडा दोन कॉमांच्या मध्ये बसवला, की याचा अर्थ तुम्हाला काका एकच. घड्याळांचं नुसतं जाता जाता सांगितलं. तो तुकडा उचलून बाजूला ठेवला तरी काका तेच राहतात, कुठे जात नाहीत. पण तेच दोन कॉमा काढून टाका, की काकांची अख्खी पलटण उभी राहते आणि तुम्ही बोट दाखवून म्हणता, यांच्यातले ते घड्याळवाले, ते बहिरे. म्हणजे आधीच पक्की ओळख असलेल्या माणसाबद्दल जादा काही सांगायचं, तर ते कॉमांच्या आत.

"म्हणून आईला नेहमी कॉमा," बाई म्हणाल्या होत्या. "आई एकच असते. 'माय मदर' म्हटल्यावर कुठली, हा प्रश्नच येत नाही." मग बाईंची नजर भोंग्यावर गेली, आणि त्या एकदम फळा पुसायला वळल्या. भोंग्याने वहीत नीट लिहून घेतलं होतं: आईला नेहमी कॉमा. खाली पट्टीने रेघसुद्धा मारली होती.

आता पानावर काकांची दोन वाक्यं एकाखाली एक छापली होती. पहिलं कॉमांचं असायला हवं, दुसरं बिनकॉमांचं. खाली प्रश्न: या दोन वाक्यांतला फरक ओळखा.

भोंग्याने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

काही फरक नव्हता. दोन्ही वाक्यं जुळी. वरच्या काकांना कॉमा नव्हते, खालच्या काकांनाही नव्हते. आता पोरांनी ओळखायचं काय, कपाळ?

टाइप करणाऱ्या ताईच्या कीबोर्डावर कॉमाची कळ अडकते, हे छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ते ठीकच. असल्या गोष्टींसाठीच तर प्रूफं तपासायची. पण तिने वाचताना कॉमा म्हटला होता. तिला ते वाक्य चांगलं आठवत होतं, कारण 'मेंड्स क्लॉक्स'वर तिची जीभ अडखळली होती. 'माय अंकल कॉमा हू मेंड्स क्लॉक्स कॉमा इज डेफ स्टॉप.' म्हटला होता, दोनदा म्हटला होता.

तिने मूळ मजकूर काढला. पेन्सिल घेऊन प्रूफाशी ताडून बघायला बसली. सोळा पानांत एकेचाळीस कॉमा गळलेले. बाबांनी घातलेले, शून्य.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं: हे माझं ऐकतच नाहीत. मी अकरा दिवस भिंतीला वाचून दाखवत होते. तिला वाटलं, आता आपल्याला संताप येईल. तिने थोडी वाट पाहिली. नाही आला.

पण मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. त्याच पानावर 'रिसीव्ह'मधली अक्षरांची उलटापालट बाबांनी बरोबर पकडली होती. एक सुटलेला स्टॉप घातला होता. कॅपिटल केलं होतं, परिच्छेद मोडला होता, एक शब्द दोनदा आला होता तो एकदा केला होता. लाल खुणा जिथे हव्या तिथे होत्या. म्हणजे ऐकत होते. सगळं ऐकत होते. फक्त कॉमा कानाआड करत होते.

"बाबा."

"हं."

"हे बघा."

बाबा एका पायात मोजा घातलेले तसेच उठून आले. तिने पेन्सिलीने गोल केलेली पानं एकेक करून त्यांच्यासमोर सरकवली. बाबांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. चौथ्या पानाला ते आपल्या खुर्चीत बसले.

"मी कॉमा म्हटलं नव्हतं का, बाबा?"

"म्हटलंस."

"ऐकू आलं?"

"आलं."

"मग?"

खाली न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने हसलं.

"मला वाटलं, श्वास आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"तुझी आई दमली की कॉमा म्हणायची." त्यांनी पान उलटं करून ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. "वाक्य लांबलं की तिला मध्ये थांबावं लागायचं. नुसती थांबली तर मी वर बघणार, काय झालं विचारणार. म्हणून ती म्हणायची, कॉमा. तेवढ्यात श्वास घेऊन व्हायचा. मजकुरात तिथे काही नसायचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं. खरा कॉमा ती पटकन टिचकीसारखा म्हणायची. श्वासाचा लांब असायचा. तो आला की मी पेन उचलायचो नाही. झालं. तिला कधी बोललो नाही. तिला वाटायचं, मला पत्ता नाही."

भोंग्याने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"आधी पानाला एखादा यायचा," बाबा म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते की मेणकापडाशी, ते कळत नव्हतं. "मग परिच्छेदाला एक. शेवटच्या वर्षी एकेका वाक्यात तीन-तीन, चार-चार. मी समोर बसून मोजू शकलो असतो. एवढा कान माझा तयार. आणि मी काय केलं, तर सोडून दिले. मजकुरात नाहीत ना, मग सोडून द्यायचे. आठ दिवस हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, यांना दम कधीपासून लागतो? मी म्हटलं, कल्पना नाही."

एवढं बोलून त्यांनी पानं सारखी केली. रडले वगैरे नाहीत. त्यांचा चेहरा होता तसाच राहिला, पुसलेल्या फळ्यासारखा. फक्त अकरा दिवसांत नव्हे, चार महिन्यांत ते एवढं पहिल्यांदाच बोलले होते.

भोंगा लाल पेनाकडे बघत बसली. तिला आठवलं, आई गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आत्याचा फोन आला होता. भोंग्याने उचलून "हॅलो" म्हटलं, तर पलीकडून आत्या म्हणाली, "अगं वहिनी," आणि मग फोन तसाच धरून राहिली. आपला आवाज कुणासारखा आहे, याचा त्यानंतर भोंग्याने विचार केला नव्हता. आता केला. तोही लांबून, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असल्यासारखा.

"बाबा, मी दमत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी चार जिने पळत चढते. मी कॉमा म्हटला ना, की तो तिथे असतोच."

बाबांनी मान हलवली. "कळतंय. पण माझा कान ऐकत नाही. आत्ता पुन्हा वाचलंस तरी मी तेच करीन."

"मग डोळ्याने बघू. मी पेन्सिल फिरवते—"

"कॉमा डोळ्याला सापडत नाही. सोळा पानांत सापडले तेवढे सापडले. शहाण्णव पानांत निम्मे राहतील." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन. त्यांनी लाल पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, आणि टेबलावरून तिच्याकडे लोटलं. "पेन तू घे. मी वाचतो."

"मी? मला खुणा कुठे येतात?"

"एकच खूण करायची आहे. जिथे मी म्हणेन आणि पानावर नसेल, तिथे घालायची. बस माझ्या जागी."

आणि ती बसली. आधी चौथा फर्मा घेतला, कारण तिथे कॉमा हाच धडा होता. बाबांनी मूळ मजकूर हातात धरला आणि वाचायला सुरुवात केली.

देवा रे, काय ते वाचन! ज्या माणसाने अठरा वर्षं फक्त ऐकलं, त्याने तोंड उघडल्यावर दुसरं काय होणार? आवाज खर्जातला, पडसं झाल्यासारखा. स्टॉप म्हणायचं विसरायचे, मग दोन वाक्यं पुढे जाऊन म्हणायचे, "मघाशी एक स्टॉप होता." भोंगा म्हणाली, "बाबा, आई असती तर तुम्हाला पहिल्या पानावर काढून टाकलं असतं." हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण 'आई असती तर' असं म्हटलं. बाबांनाही कळलं. पण ते वाक्याच्या मध्ये होते, त्यामुळे त्यांनी वाक्य पुरं केलं.

"माय मदर कॉमा हू हॅज नेव्हर सीन द सी कॉमा कीप्स अ शेल ऑन हर डेस्क स्टॉप."

भोंग्याने दोन्ही कॉमा घातले. लाल, शेपटीवाले, जरा मोठेच. आई समुद्रावर गेली होती, दोनदा. तिने शंखशिंपले काही आणले नव्हते, पाय दुखतात म्हणाली होती. हे कुणा दुसऱ्याच्या आईचं वाक्य होतं. तरी भोंग्याने ते थोडा वेळ पाहिलं, आणि बाबांनी पुढचं वाक्य थोडं उशिरा सुरू केलं.

चौथा झाला. मग पहिला, दुसरा. मध्ये एकदा पाणी प्यायला उठले. तिसऱ्या फर्म्यात बाबांचा आवाज चिरकायला लागला, कॉमाचा 'कॉ' नुसताच हवा होऊन बाहेर पडू लागला. तेव्हा त्यांनी कॉमाच्या जागी बोटाने टेबलावर टकटक करायला सुरुवात केली. शब्द तोंडाने, कॉमा बोटाने. टेबल जुनं, आवाज खणखणीत. त्या आवाजाला चुकायला वावच नव्हता.

साडेपाचला तिसरा फर्मा संपला. चार झाले होते. दोन राहिले होते.

"आता?" भोंगा म्हणाली.

बाबांनी दुसरा मोजा घातला. "चल," ते म्हणाले.

छापखाना वीस मिनिटांच्या अंतरावर. बाबा पुढे, भोंगा गठ्ठा घेऊन मागे. वाटेत ती विचार करत होती ते एवढंच: राहिलेल्या दोन फर्म्यांचं बाबा काय करणार? गुपचूप देऊन टाकतील? शेवटची बत्तीस पानं कोण बघतंय! तिथे कॉमांचा धडा नाही, पत्रलेखन आणि निबंध आहेत. मालकीणबाई वरची चार पानं चाळतील, लाल खुणा बघून खूश होतील, पुढचं काम देतील. आणि खरं सांगितलं तर मशीन अडून राहील आणि मालकीणबाई दुसरा माणूस बघतील. तोंडावर सांगितलं होतं त्यांनी. ती विचार करत होती, पण आपल्याला यातलं काय व्हायला हवंय, ते तिला ठरवता येत नव्हतं.

मालकीणबाई मशीनपाशीच उभ्या होत्या. मशीनवाला कागद चढवून तयार होता, शाईचा वास सुटला होता.

"या मास्तर. सहाला सात कमी. अजून घड्याळ बघता म्हणायचं." त्यांनी सुतळी सोडली, पानं उलटली. चष्मा नाकाच्या टोकावर आणला. "हे काय? पानाला पान लालभडक! आणि हे कॉमा कुणी घातलेत? गाजरं लावलीयेत का शेतात?"

"माझ्या मुलीने," बाबा म्हणाले. घोगऱ्या, फाटक्या आवाजात.

"घशाला काय झालं?"

"वाचत होतो." बाबांनी पुढे होऊन गठ्ठा दोन भागांत केला. "हे चार फर्मे झालेत. हे दोन नाही झाले. यात कॉमा गेलेले आहेत, किती ते मला माहीत नाही. चूक टाइप करणाऱ्या पोरीची नाही, माझी आहे. ऐकण्यात चूक झाली. हे दोन आज छापू नका."

मशीनवाला कागद चढवता चढवता थांबला. भोंग्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि एकदा जमिनीकडे.

"आज रात्री करा की," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळी आठला आणून टाका."

"रात्री आम्ही तपासत नाही. रात्री डोळा आणि कान दोन्ही खोटं बोलतात." मग बाबा वळले. भोंग्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुझी शाळा किती वाजता सुटते?"

दहा वर्षं ती शाळेत जात होती. डबा, बस, पालकसभा, सगळं आईकडे. बाबांना हे माहीत नसणार हे तिला ठाऊकच होतं. त्यांना ते विचारावंसं वाटेल हे मात्र ठाऊक नव्हतं.

"एकला," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज इतका बारीक आला की मशीनवाल्यानेही मान वर केली. "घरी यायला दीड."

"मग उद्या चारला देतो," बाबा मालकीणबाईंना म्हणाले.

"म्हणजे आता माझं मशीन तुमच्या पोरीच्या शाळेच्या वेळापत्रकावर चालायचं?"

"तपासायला ती लागते," बाबा म्हणाले. "मी वाचतो. तपासते ती."

मालकीणबाईंनी तोंड उघडलं. भोंग्याला वाटलं, आता निघणार तो शब्द, दुसरा माणूस. मालकीणबाईंनी पुन्हा पानांकडे पाहिलं, अंगठ्याने एक कॉमा घासून पाहिला. वाळला होता. त्यांनी मूळ मजकूर मागितला. मधलंच एक पान काढून आपल्या हाताने ओळ न् ओळ ताडून पाहिली. सावकाश, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं. मशीनवाला वाट बघत राहिला. तिघंही वाट बघत राहिले.

"चार म्हणजे चार," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पान गठ्ठ्यात ठेवलं आणि मशीनवाल्याला सांगितलं, "पहिला चढव रे."